एकच कथाबीज, अनेक चित्रप्रकार : लघुपटाची पटकथा लिहायला बसण्यापूर्वी

पटकथा लिहू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा आधी गोष्ट शोधतो, ती कागदावर उतरवतो, आणि हा थरारपट आहे, कौटुंबिक चित्रपट आहे की प्रेमकथा, असे कोणी विचारले की त्यातल्या त्यात जवळचे वाटणारे नाव सांगून मोकळा होतो. चित्रपटाचा अभ्यास करताना मला ठामपणे वाटू लागले आहे की हा क्रम उलटा असायला हवा. प्रेक्षकाने नेमकी कशाची वाट पाहत बसायचे, हे चित्रप्रकार ठरवतो. रहस्यपटात गुन्हा कोणी केला हे कळण्याची आपण वाट पाहतो, थरारपटात संकटातून वेळेवर सुटका होते की नाही याची, प्रेमकथेत दोन माणसे एकमेकांपर्यंत पोहोचतात की नाही याची. हा प्रश्न लेखकाने आधी ठरवला नसेल, तर प्रसंग कितीही चांगले सुचले तरी ते एकमेकांना धरून राहत नाहीत.

हे टिपण गोव्यात राहून मराठीत दहा-पंधरा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यात जी पद्धत सांगितली आहे ती साधी आहे : एक कथाबीज घ्यावे, ते निरनिराळ्या चित्रप्रकारांत थोडक्यात लिहून पाहावे, आणि मगच त्यांपैकी एकाची पटकथा करावी.

त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रप्रकार म्हणजे हॉलिवूडच्या व्यापाऱ्यांनी पाडलेले साचे, आणि कलावंताने त्यांपासून दूर राहावे, असे पुष्कळ विद्यार्थी मानतात. परंतु नाट्यशास्त्रात भरतमुनींनी रूपकांचे दहा प्रकार सांगितले आहेत. प्रहसन वेगळे, एकाच पात्राने बोलून उभे करायचे भाण वेगळे, वीरांच्या संघर्षाचा व्यायोग वेगळा, आणि प्रत्येकाचा नायक कसा असावा, अंक किती असावेत, कोणता रस प्रधान असावा, याचे नियमही वेगळे. मराठी चित्रपटसृष्टीनेही स्वतःचे प्रकार घडवले आहेत. फाळके यांच्या १९१३ मधील पहिल्या चित्रपटापासून पौराणिकपट सुरू झाला, १९३०च्या दशकात प्रभात फिल्म कंपनीने संतपटाला उंची दिली, आणि पुढे तमाशापटाने काही दशके गाजवली. संतपट पाहायला येणाऱ्या प्रेक्षकाच्या कानांवर कीर्तनातून अभंग आधीच पडलेले असत, म्हणून चित्रपटाला संतांची ओळख करून देण्यात वेळ घालवावा लागत नसे. चित्रप्रकाराची खरी ताकद प्रेक्षकाच्या या पूर्वज्ञानात असते.

गोव्यातील वाचकाला हे सांगण्याची गरजही नसावी. पेडणे भागात दशावतार पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की तेथील नटांच्या हातात लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि कोण काय होणार एवढे ठरले की संवाद रंगमंचावर ऐनवेळी रचले जातात. राजा, राणी, राक्षस आणि नारद यांनी कसे वागायचे याचे संकेत नटांना आणि प्रेक्षकांना सारखेच पाठ असल्यामुळे हे शक्य होते. संकेत पक्के असले की त्यांच्या आत केवढे स्वातंत्र्य मिळते, हे शिकण्यासाठी दशावतारापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

पाहण्याची सवय

लिहिण्यापूर्वी पाहावे लागते, आणि तेही वही घेऊन. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून दरवर्षी पणजीत होत असल्यामुळे गोव्यातील विद्यार्थ्याला देशोदेशीचे चित्रपट घराजवळ पाहता येतात. अशा वेळी दिवसाला चार-पाच चित्रपट पाहून काढण्यापेक्षा दोनच पाहावेत आणि प्रत्येकाविषयी तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, आपण कशाची वाट पाहत आहोत हे कोणत्या मिनिटाला स्पष्ट झाले. दुसरी, त्या क्षणी आपल्याला पात्रापेक्षा जास्त माहिती होती, कमी होती की बरोबरीची होती. तिसरी, शेवटी त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की तो प्रश्नच बदलला. कथानकाचा सारांश लिहिण्यात वेळ घालवू नये. तो कुठेही मिळतो. यांतील दुसरा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचे कारण पुढील उदाहरणातून दिसेल.

एक बीज घेऊन पाहू

कथाबीज शक्यतो तटस्थ घ्यावे, म्हणजे त्यात कोणताही चित्रप्रकार आधीच दडलेला नसावा. समजा, रात्री रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत एक म्हातारी चढते. तिच्याजवळ कुलूप लावलेली पत्र्याची पेटी आहे. मांडवी ओलांडून बोट पलीकडे लागते, माणसे आणि दुचाक्या उतरून निघून जातात, पण म्हातारीला न्यायला कोणीही आलेले नाही. बीज एवढेच.

हे कौटुंबिक नाट्य म्हणून लिहायचे असेल तर प्रेक्षकाला म्हातारीइतकीच माहिती द्यावी आणि तिच्याबरोबर धक्क्यावर उभे करावे. न्यायला कोण येणार होते आणि ते का आले नाही, हा प्रश्न. येथे गोव्याचे वास्तव कथेला मोठा आधार देते. येथील नागरी कायद्यानुसार मुलांना सहसा वारशातून पूर्णपणे डावलता येत नाही आणि घर किंवा जमीन विकताना सर्वसाधारणपणे पती-पत्नी दोघांचीही संमती लागते. त्यामुळे एका सहीसाठी वर्षानुवर्षे अडलेली घरे गावोगावी दिसतात. पेटीत चोडणच्या घराची कागदपत्रे आहेत, थोरला मुलगा बोटीवर नोकरीला असलेला तारवटी आहे, धाकटा गावात आहे, आणि न्यायला येणे म्हणजेच सही करायला तयार असणे, असे ठरवले तर न आलेल्या माणसाची अनुपस्थितीच नाट्य निर्माण करते. यासाठी कोणीही ओरडण्याची किंवा रडण्याची गरज उरत नाही.

रहस्यपटात प्रेक्षकाला कमी माहिती द्यायची असते, परंतु फसवायचे नसते. येथे कथा म्हातारीच्या बाजूने न सांगता बोटीवरील खलाशाच्या बाजूने सांगावी, कारण त्यालाही ती कोण आणि पेटीत काय हे माहीत नाही. पेटीला कुलूप आहे पण किल्ली तिच्याजवळ नाही, ती चोडणला निघाली आहे पण तिला तेथील रस्ता ठाऊक नाही, असे दोन-तीन दुवे उत्तर मिळण्याच्या बरेच आधी पडद्यावर दिसले पाहिजेत. शेवट कळल्यावर प्रेक्षकाने मागे जाऊन म्हणावे की हे माझ्यासमोरच होते. शेवटच्या मिनिटाला नवी माहिती आणून रहस्य उलगडणारी पटकथा प्रेक्षकाचा विश्वास गमावते, आणि विद्यार्थ्यांच्या पटकथांत हा दोष फार आढळतो.

थरारपट याच्या नेमका उलट आहे. थरारपटांसाठी प्रसिद्ध असलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात टेबलाखालील बॉम्बचे उदाहरण देऊन हा भेद समजावला होता. दोन माणसे गप्पा मारत असताना अचानक स्फोट झाला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल, तर त्याच निरर्थक गप्पा कितीतरी मिनिटे त्याला अस्वस्थ करतात. आपल्या बीजात हे असे होईल : पेटीतील कागद ज्याला हवे आहेत तो माणूस त्याच बोटीत दुचाकीवर बसलेला आहे, हे आपण पाहिले आहे आणि म्हातारीने पाहिलेले नाही, आणि पेटी जड असल्यामुळे ती नेमकी त्यालाच हात लावायला सांगते. नदी ओलांडायला लागणारी मोजकी मिनिटे हेच येथील घड्याळ आहे. वेळेचे असे बंधन गोष्टीतच असेल तर ते बाहेरून आणावे लागत नाही.

विनोदी चित्रपटातही प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहिती असते, मात्र कोणाचेही खरे नुकसान होणार नाही याची खात्रीही त्याला असते. पेटीत फक्त मुरवलेले लोणचे आहे हे आपल्याला माहीत असावे, आणि बोटीवरील प्रत्येकाने आपापल्या परीने त्या पेटीविषयी तर्क करून म्हातारीशी तसे वागावे. कोणाला त्यात दागिने दिसतील, कोणाला निवडणुकीचे पैसे, तर कोणाला देवळातील मूर्ती. विनोद टिकवायचा असेल तर प्रत्येक पात्राचे वागणे त्याच्या समजुतीप्रमाणे पूर्णपणे शहाणपणाचे असले पाहिजे. मूर्ख माणसे गोळा केली की विनोद होतो, हा समज सोडून द्यावा.

भयपटाविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण गोव्यात भयपट लिहायचा म्हटले की हात आपोआप देवचाराकडे वळतो. लोकसमजुतीतील देवचार हा पुष्कळ गावांत राखणदार आहे. तो सीमा राखतो, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, आणि लोक त्याला श्रद्धेने रोट, सोरो (दारू) आणि विडी ठेवतात. त्याला नुसता रक्तपिपासू बागुलबुवा करणे हा आपल्याच माणसांच्या समजुतीचा अनादर आहे आणि कथेच्या दृष्टीनेही ते तोट्याचे आहे. भयपटाला नियम लागतात : ही शक्ती काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि ती कशाने चिडते. हे नियम आपल्या लोकपरंपरेत तयार आहेत. राखणदाराला दिलेला शब्द मोडून घर विकायला निघालेल्या कुटुंबातील म्हातारी रात्री धक्क्यावर एकटी उभी आहे, आणि तिला न्यायला कोणी आले नसले तरी सोबतीला कोणी तरी आले आहे, एवढी मांडणी केली की भय आणि करुणा दोन्ही एकदम हाताशी येतात.

प्रत्येक आवृत्तीसाठी एक पान पुरे. ही पाने लिहून झाल्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर लक्षात येईल की घटना जवळजवळ तीच राहिली आहे. बदलले आहे ते कोणाला काय कधी कळते हे, गोष्ट कोणाच्या खांद्यावरून दिसते हे, आणि ती कोठे थांबते हे. त्यांतून निवड करताना जी आवृत्ती सर्वांत नाट्यमय वाटते ती न घेता, जिच्यातून पुढची दोन-तीन दृश्ये विचार न करता सुचतात ती घ्यावी. साधनांचाही विचार करावा. चालत्या बोटीवर रात्री चित्रीकरण करायचे तर परवानगी, दिवे आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू येतील असे संवाद, या तिन्ही गोष्टी कठीण आहेत. तेच कौटुंबिक नाट्य बहुतांशी धक्क्यावर घडवता येते.

दिसेल तेवढेच लिहावे

रस कसा निर्माण होतो हे सांगणारे नाट्यशास्त्रातील रससूत्र मराठी वाङ्मयाचा अभ्यास करताना आपण परीक्षेपुरते वाचतो, पण पटकथालेखकाला ते कामाचे साधन म्हणून वापरता येते. विभाव म्हणजे भाव जागा करणारी कारणे आणि परिस्थिती, अनुभाव म्हणजे तो भाव शरीरातून आणि वागण्यातून बाहेर दिसणे. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांना फक्त या दोनच गोष्टी टिपता येतात. ‘ती निराश झाली आहे’ हे वाक्य पटकथेत निरुपयोगी आहे, कारण त्याचे चित्रीकरण करता येत नाही. कौटुंबिक नाट्यातील दृश्य असे लिहिता येईल :

बाह्य. चोडण फेरी धक्का. रात्र.

बोट धक्क्याला टेकते. दुचाक्या एकामागून एक निघून जातात. म्हातारी (७०) पेटी घेऊन सर्वांत शेवटी उतरते. चहाचा गाडेकार सामान आवरत आहे. ती रस्त्याकडे पाहते, पेटी खाली ठेवते, पदराने तोंड पुसते आणि पेटी पुन्हा उचलून हातात धरते.

गाडेकार : कोणाची वाट पळयता, मांय?

म्हातारी : येतलो. बोट आयज बेगीन पावली.

खलाशी (दोर बांधता बांधता) : बोट वेळारच पावल्या, मांय.

म्हातारी पेटीची कडी उगाच तपासते.

येथे कोणत्याही भावनेचे नाव घेतलेले नाही. तिने मुलाची बाजू सावरण्यासाठी बोट आज लवकर पोहोचली असे म्हणून बोटीवर दोष ढकलला, खलाशाने ती वेळेवरच पोहोचल्याचे सांगून नकळत ते खोटे ठरवले, आणि तिने काहीच न बोलता कडी तपासली, यातून हवे ते सर्व कळते. आता या दृश्यात दुचाक्या निघून गेल्यावर फक्त एवढी ओळ घालावी : ‘बोटीवरून उतरलेला एक दुचाकीस्वार वळणावर थांबतो, दिवा मालवतो आणि धक्क्याकडे तोंड करून उभा राहतो.’ पुढील एकही शब्द न बदलता दृश्य थरारपटाचे झाले, आणि तिचे रस्त्याकडे पाहणे आता वेगळ्याच कारणाने अंगावर येते. हा प्रयोग प्रत्येकाने आपल्या दृश्यावर करून पाहावा.

मांडणीचे नियम थोडे आहेत. प्रत्येक दृश्याच्या शीर्षकात आतील की बाह्य, ठिकाण कोणते आणि वेळ कोणती हे लिहावे. वर्णन वर्तमानकाळात ठेवावे. पात्र प्रथम आले की त्याचे वय द्यावे. कॅमेरा कोठे असावा याच्या सूचना दिग्दर्शकासाठी सोडाव्यात. एक पान म्हणजे पडद्यावरील साधारण एक मिनिट, हा प्रचलित हिशेब बारा पॉइंटच्या कुरियर टंकातील इंग्रजी पटकथेवर बसवलेला आहे. देवनागरीत टंक आणि ओळींतील अंतर बदलले की तो बिघडतो, म्हणून आपली पटकथा मोठ्याने वाचून, न बोलण्याच्या जागाही मोजून, घड्याळ लावून पाहावी.

मिश्रण आणि शेवट

दोन चित्रप्रकार एकत्र करावेत का, हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो. गोव्याच्या प्रेक्षकाला मिश्रणाचे वावडे नाही. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारात कथानकाचे पोडदे (अंक) आणि त्यांच्या मध्ये येणारी कांतारां (गाणी) अशी रचना असते. गंभीर कौटुंबिक प्रसंगानंतर राजकारणावरील झणझणीत कांतार येते आणि प्रेक्षक दोन्ही मनापासून स्वीकारतो, कारण प्रत्येक भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे त्याला स्पष्ट दिसते. चित्रपटात अशा सीमा नसतात. तेथे स्थायी भाव आणि व्यभिचारी भाव हा भेद उपयोगी पडतो : व्यभिचारी भाव येतात आणि जातात, स्थायी मात्र एकच राहतो. म्हणजे भयपटात हसू यावे, विनोदी चित्रपटात डोळे भरून यावेत, परंतु प्रेक्षक मुळात कशाची वाट पाहत आहे ते मधेच बदलू नये. दहा मिनिटांच्या लघुपटात तर एक स्थायी सांभाळणे हेच पुरेसे काम आहे.

कथेच्या रचनेविषयी पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. तीन अंकांची मांडणी घ्या, किंवा आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या नाट्यशास्त्रातील पाच अवस्था घ्या. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला दोन्ही उपयोगी आहेत, आणि मध्यंतर असलेल्या आपल्या चित्रपटांत मध्यंतरापूर्वीचा प्रसंग प्रश्नाला नवे वळण देणारा असावा लागतो. लघुपटाला एवढे अवजड सामान नको. त्यात एकच वळण असावे आणि शेवट त्या वळणातून निघावा. थरारपट संकट संपल्यावर लगेच थांबवावा. कौटुंबिक नाट्य मात्र उत्तर मिळाल्यानंतरही थोडे चालू शकते, कारण उत्तर मिळाल्यावर माणसे एकमेकांकडे कशी पाहतात यातच तेथे रस असतो. धाकटा मुलगा उशिरा का होईना आला, आणि त्याने पेटी उचलली पण आईचा हात धरला नाही, तर सही होणार की नाही हे प्रेक्षक स्वतः ठरवील.

भाषा

गोव्यात मराठी पटकथा लिहिणाऱ्यापुढे एक प्रश्न असतो जो पुण्यातील लेखकापुढे नसतो. येथील पुष्कळ माणसे वर्तमानपत्र मराठीत वाचतात, देवळातील उत्सवात मराठी नाटक करतात आणि घरात कोंकणी बोलतात. अशा घरातील आईच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर पहिल्याच वाक्याला ती खोटी वाटते. माझे मत असे आहे की वर्णन मराठीत ठेवावे आणि पात्राने घरात जे बोलले असते तेच त्याच्या तोंडी द्यावे. शाळेतील मास्तर, सरकारी कार्यालयातील कारकून किंवा कीर्तनकार यांच्याशी बोलताना तेच पात्र मराठीकडे वळते, आणि हा बदल स्वतःच नाट्यपूर्ण असतो. लहानपणापासून आईशी कोंकणीत बोलणारा मुलगा जमिनीच्या कागदाविषयी बोलताना अचानक कार्यालयीन मराठी वापरू लागला, तर त्यांच्यातील अंतर वेगळे सांगावे लागत नाही. चोडणचे बोलणे, साष्टीचे बोलणे आणि पेडण्याचे बोलणे यांतही फरक आहे, तेव्हा संवाद त्या भागातील माणसाकडून एकदा वाचून घ्यावेत.

पहिला मसुदा तयार झाला की तो दोघा-तिघांना वाचायला द्यावा, पण ‘आवडला का?’ असे विचारू नये. चौथ्या पानावर त्यांना थांबवावे आणि आता तुम्ही कशाची वाट पाहत आहात, एवढेच विचारावे. सर्वांनी थोड्याफार फरकाने तेच उत्तर दिले तर पुढे जावे. प्रत्येकाने निराळे उत्तर दिले, तर संवाद घासत बसू नये. पहिल्या दोन पानांकडे परत जावे, त्यांत कोणाला काय कधी कळते याची यादी करावी, आणि तेवढीच पाने नव्याने लिहावीत.